साखर जाळणारा पट्टा

उमरग्यात हायवेला लागून असलेलं ते मंगल कार्यालय श्रावणातल्या त्या रविवारी गच्च भरलं होतं. लग्नाची तिथी नव्हती, पुढाऱ्याची सभा नव्हती, जेवणावळ तर नव्हतीच. तरी लोहारा, मुरूम, जळकोट, पार कर्नाटकातल्या आळंद-बसवकल्याणकडूनही माणसं आली होती. कुणाच्या हातात औषधांची पिशवी, कुणाच्या हातात रिपोर्टांची फाईल, कुणी सुनेच्या खांद्यावर हात टाकून आलेलं. दुखणं सगळ्यांचं एकच, साखरेचं. आणि नजरा सगळ्यांच्या एकाच माणसावर, स्टेजवरच्या योगीराज सरांवर.

पूर्वीचे बाबा भगवं नेसायचे, राख फासायचे. योगीराज सरांनी काळ ओळखून वेष बदलला होता. अंगात काळा कोट, कपाळाला गंध, कानाला चिकटवलेला माईक. मागच्या पडद्यावर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी असलेली एक काळी नळी गोल गोल फिरत होती.

"मित्रांनो, ही आहे कार्बन नॅनोट्यूब! केसाचे पन्नास हजार भाग करा, त्यातल्या एका भागाएवढी बारीक. पण पोलादापेक्षा बळकट! अमेरिका, जपान, जर्मनी, सगळीकडं हृदयाच्या यंत्रात, मेंदूच्या यंत्रात, कृत्रिम हाडात हिच्यावर काम चाललंय. आणि आपल्या ऋषींनी हिला काय नाव दिलं होतं?"

"प्राणनाडी!" सरांनी स्वतःच सांगितलं आणि टाळ्या पडल्या. ऋषींना इतकं बारीक कुठल्या चष्म्यातून दिसलं, हे विचारायचं कुणालाही सुचलं नाही.

तिसऱ्या रांगेत शुभांगी बसली होती. उमरग्यातल्याच हायस्कूलमध्ये ती नववी-दहावीला विज्ञान शिकवायची. हौसेनं आली नव्हती, वडिलांनी ओढून आणलं होतं. वडील उमाशंकर, सगळ्यांचे अप्पा, राहणार जळकोट. हायवेच्या कडेला ट्रकच्या कमानी दुरुस्त करण्याचं त्यांचं वर्कशॉप. ट्रकच्या चाकावर पोलादाचे एकावर एक रचलेले पाटे असतात, सगळा भार तेच पेलतात, त्यांना कमान म्हणतात. अप्पांच्या हातची कमान हैदराबाद गाठून परत येईपर्यंत कुरकुरत नाही, असं ड्रायव्हर लोक म्हणायचे. असा हा माणूस गेली बारा वर्षं गोळ्या खाऊन वैतागला होता. चार वर्षांपासून तर त्यांच्या पायाची जाणीवच गेली होती. चप्पल निसटून मागं राहिली तरी त्यांना दहा पावलं पुढं गेल्यावर कळायचं.

"आता चमत्कार नाही, सायन्स!" सर म्हणाले. "बारा वर्षांची साखर असलेलं कुणी आहे का?"

अप्पांचा हात सगळ्यात आधी वर गेला. दुसरा माणूस सरांनी मुद्दाम धडधाकट निवडला. व्यायामशाळेत जाणारा मल्लिकार्जुन, दंड असे की शर्टाच्या बाह्या उसवाव्यात. सरांनी दोन चकचकीत पाकिटं फाडली, आतून दोन काळ्या पुड्या काढल्या, त्यातली एक दिव्याखाली जराशी चमकली, त्या कापडी पट्ट्यांच्या खिशात सरकवल्या. एक पट्टा अप्पांच्या मनगटावर बांधला, दुसरा मल्लिकार्जुनच्या.

"वायर नाही, सेल नाही, बटण नाही. ही नळी शरीरातली फालतू साखर ओढून घेते आणि जाळते. जितकी साखर, तितकी उष्णता!"

पाच-सात मिनिटं सर बोलत राहिले. मग अप्पांनी मनगटाला दुसरा हात लावला आणि त्यांचे डोळे विस्फारले. "आरं तिच्या! गरम व्हायलंय की!"

"मल्लिकार्जुन, तुझं?"

"गारच हाय, सर."

सभागृहात असा गलका उडाला की माईक कुईं करून ओरडला. लोक उठून उभे राहिले, पुढं येऊन अप्पांच्या मनगटाला हात लावू लागले. शुभांगीनंही लावला. खरंच गरम होतं. तिला कोडं पडलं. ती विचार करत होती तेवढ्यात सरांचा आवाज आला, "अप्पांच्या कन्या विज्ञान शिक्षिका आहेत म्हणे! मॅडम, उभ्या राहा. सांगा लोकांना, कार्बन नॅनोट्यूब ही गोष्ट आहे की नाही? वैद्यकीय उपकरणांत तिच्यावर संशोधन चाललंय की नाही?"

शुभांगी उभी राहिली. तिनं हे वाचलं होतं. नॅनोट्यूब मिसळून केलेले पदार्थ हलके, चिवट असतात, वीज वाहून नेतात, म्हणून शरीरावर लावायच्या पट्ट्यांत, कृत्रिम अवयवांत ते वापरता येतील का याचे प्रयोग चालू आहेत. मागच्याच वर्षी तिनं वर्गात सांगितलंही होतं.

"हो, आहे," ती म्हणाली. "चाललंय. पण..."

"ऐकलंत? विज्ञान शिक्षिका म्हणतात, आहे!" सरांनी हात उंचावला. टाळ्या पडल्या. शुभांगीचं ते 'पण' टाळ्यांत बुडून गेलं.

ती पुन्हा बोलू शकली असती. तोंड तिचं होतं, वाक्यही तिचंच होतं. पण शेजारी अप्पा तिच्याकडं असं कौतुकानं बघत होते, की तिची दहावीची गुणपत्रिका हाती आली त्या दिवसानंतर तसं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आणि तो पट्टा का तापला याचं उत्तरही तिच्याजवळ नव्हतं. ती खाली बसली.

जाताना एसटी स्टँडवर तिनं अप्पांना एवढंच म्हटलं, "अप्पा, वापरा हवं तर, पण गोळ्या सोडू नका हं."

"न्हाय सोडत गं. येडा हाय का म्या?" अप्पा हसत म्हणाले आणि गाडीत चढले.

पुढच्या महिनाभरात पट्ट्यानं तालुका बांधून काढला. योगीराज सरांचा तोडगा सोपा होता. साखर जड असते, म्हणून ती खाली तळपायात उतरते. सबब पट्टा तळपायाला बांधायचा. पाच-सहा तासांनी पुडी गार पडायची, म्हणजे आजची साखर जळून संपली. पुडी आतून दगडासारखी घट्ट व्हायची, म्हणजे जळलेल्या साखरेचा खडा धरला. एखाद्याच्या साखर नसलेल्या बायकोनं गंमत म्हणून बांधला आणि तोही तापला, तर सर म्हणायचे, "ताई, तुम्हाला लपलेली साखर आहे!" झालं, बाई दुसऱ्या दिवशी रांगेत. ज्याला बांधला त्याला आजार निघायचा, आणि आजार निघाला म्हणजे पट्टा खरा. पट्टा खोटा ठरायला वावच ठेवला नव्हता. शिवाय प्रत्येकाच्या मोबाईलवर एक चित्रफीत फिरत होती. त्यात शुभांगी उभी राहून म्हणत होती, "हो, आहे. चाललंय." फीत तिथंच कापलेली.

ती फीत तिच्याच वर्गातल्या एका मुलीनं तिला दाखवली. "मॅडम, माझ्या आजीनं तुमच्यामुळं पट्टा घेतला," ती पोर अभिमानानं म्हणाली. शुभांगीला जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा होती. मधल्या सुट्टीत ती प्रयोगशाळेत शिरली. शिक्षकांच्या खोलीतही दोघं-तिघं पट्टा वापरणारे होते. त्यांच्याकडून तिनं एक वापरलेली पुडी आणि एक नवंकोरं पाकीट मागून आणलं होतं. वापरलेली पुडी तिनं कात्रीनं कापली. आत तांबूस-काळा, घट्ट झालेला खडा. तिनं तो ठेचला, बोटानं चोळला, भिंगाखाली धरला. चुंबक जवळ नेलं तर थोडी भुकटी चिकटून आली. इथं लोखंडाचं काय काम?

तेवढ्यात कडूबाई चहा घेऊन आली. कडूबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. मूळची फटाके बनवणाऱ्या तेरखेड्याची, नवरा वारल्यावर भावाकडं उमरग्याला आलेली. हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. तिनं चहा टेबलावर ठेवला आणि नाक वर करून वास घेतला.

"मॅडम, ह्यो माल कुठून आणला?"

"कसला माल?"

"ह्योच की. कीस हाय ह्यो लोखंडाचा, आन् संगं कोळसा." कडूबाईनं चिमूट घेऊन बोटांत चोळली. "आमच्या तेरखेड्याला दारूकामाच्या शेडमंदी पंधरा वर्सं हात घातलेत म्या ह्यात. अनाराच्या झाडातनं पिवळी फुलं पडत्यात न्हवं, ती ह्या किसाची. पर ह्यो गंजलाय. बिनतेलाचा हाय."

"बिनतेलाचा म्हणजे?"

"किसाला तेल पाजाय लागतंय की! जवसाचं. हातानं चोळून चोळून दाण्याला लावायचं, मग वाळवायचं, मगच कोळशाजवळ न्यायचा. तेल न्हाय पाजलं तर वल्या हवेत कीस गंजतंय, आन् गंजता गंजता तापतंय." कडूबाई स्टुलावर टेकली. "एका सालाला भादव्यात एक नवी पोरगी आली. तिला कुणी सांगितलं न्हाय, तिनं बिनतेलाचाच कीस डब्यात भरला. दुपारच्याला म्या डबा उचलाय गेले तर चटका! मिस्त्री वराडला, सगळ्या भाईर पळा. आमी चपला टाकून पळालो, मॅडम. बिनतेलाच्या किसाला आमच्याकडं लई भेत्यात."

शुभांगी तिच्याकडं बघतच राहिली. लोखंड अधिक ऑक्सिजन अधिक पाणी. दरवर्षी ती हे फळ्यावर लिहायची, पोरं वहीत उतरवून घ्यायची. गंजताना उष्णता बाहेर पडते, हे पुस्तकातल्या एका ओळीत होतं आणि ती ओळ परीक्षेला येत नव्हती. खिळा गंजायला महिने लागतात, त्यात ऊब कुणाला कळणार? पण तेच लोखंड कीस करून, ओलसर कोळशात आणि मिठात कालवून, हवाबंद पाकिटात भरलं, तर पाकीट फाडताच ते भराभरा गंजू लागणार आणि तासन् तास तापत राहणार. थंड प्रदेशात लोक हात शेकायला अशाच पुड्या खिशात ठेवतात. विज्ञानाच्या पदवीधर बाईला जे महिनाभर उलगडलं नव्हतं, ते चौथीत शाळा सुटलेल्या कडूबाईला वासावरून कळलं होतं.

तिनं नवं पाकीट फाडलं, पुडी पट्ट्यात घातली आणि टेबलावर नुसतीच ठेवली. ना मनगट, ना साखर. वीस मिनिटांनी थर्मामीटर खाली सरकवला. पारा पन्नासच्या पुढं गेला.

आपण बरोबर होतो याचा आनंद तिला झालाच नाही. पन्नास अंश. रोज पाच-सहा तास. ज्या पायाला चप्पल निसटलेली कळत नाही, त्या पायाला.

तिनं जळकोटला आईला फोन लावला. "अव्वा, अप्पांचा पाय कसा आहे?"

महादेवीबाई हळूच म्हणाल्या, "फोड आल्यात गं. मोठाले. सर म्हनले, साखर भाईर पडायली, फोडू नका, पट्टा सोडू नका. दोन दिसांपास्नं वास बी यायलाय."

"आणि गोळ्या?"

"त्या पंधरा दिस झालं बंद हायत."

"अव्वा! मला का नाही सांगितलंस?"

"त्येच नगं म्हनले. शुभी उगंच शंका काढती म्हनले." अव्वा म्हणाली, "आन् आता तकडंच यायलेत, उमरग्याला. आज सत्कार हाय न्हवं त्यांचा."

शुभांगीनं हेडसरांना निरोप ठेवला. टेबलावरचं सामान पिशवीत भरलं. कडूबाईनं न विचारता स्वयंपाकघरातला एक दुधी भोपळा आणि चुलीजवळची एक वीट आणून पिशवीत टाकली. "ह्या दोघांस्नी बी बांधून बघू की पट्टा," ती म्हणाली आणि स्कूटीवर मागं बसली.

कार्यालय त्या दिवशी आणखी भरलेलं होतं. पडद्यावर शुभांगीचीच फीत चालू होती. स्टेजवर खुर्चीत अप्पा बसले होते. डोक्याला फेटा, गळ्यात हार, उजव्या पायाला काळा पट्टा. चेहरा तापलेला, डोळे जड. सर सांगत होते, "हे आमचे पहिले साधक! आणि बघा, त्यांच्या कन्याही आल्या. या मॅडम, या!"

त्यांनी मोठ्या खुशीनं तिच्या हातात माईक दिला. आयतं प्रमाणपत्र चालत आलं होतं, ते कोण सोडतं?

"माझं वाक्य त्या दिवशी अर्धं राहिलं होतं," शुभांगी म्हणाली. "ते पुरं करायला आलेय. कार्बन नॅनोट्यूब आहे. तिच्यावर संशोधन चाललंय. पण या पुडीत ती नाही. या पुडीत लोखंडाचा कीस आणि कोळसा आहे. लोखंड गंजतं म्हणून ते तापतं. साखरेचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही."

गलका झाला. सर हसले. "मॅडम, सायन्स प्रात्यक्षिकावर चालतं. लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय."

"मग पुन्हा पाहू." तिनं सरांच्याच टेबलावरची पाकिटं उचलली, दोन पट्टे तयार केले. एक कडूबाईनं भोपळ्याला बांधला आणि टेबलावर ठेवला. दुसरा तिनं पिशवीत हात घालून आतल्या आत कशाला तरी गुंडाळला. लोक हसू लागले. पाच-दहा मिनिटांनी पहिल्या रांगेतल्या एका आजोबांना तिनं बोलावलं. त्यांनी भोपळ्याला हात लावला. "व्हय की! गरम हाय!"

सरांनी मान डोलावली. "नैसर्गिकच आहे. भोपळ्यातही साखर असते!"

आणि खरं सांगायचं तर, लोकांनीही माना डोलावल्या. शुभांगीला तेव्हा भीती वाटली ती सरांची नाही, त्या मानांची. तिनं पिशवीतून पट्टा बांधलेली वीट काढली आणि आजोबांच्या हातात दिली.

"ही बी तापली!" आजोबा म्हणाले. मागून कुणीतरी ओरडलं, "विटेला शुगर झाली रं!" आणि पहिल्यांदा हशा सरांच्या विरोधात फुटला.

"मग माझा गार का ऱ्हायला हुता?" मल्लिकार्जुन मधल्या रांगेतून उभा राहिला. त्याला महिनाभर मित्र 'बिनसाखरेचा' म्हणून चिडवत होते, त्यामुळं त्याचा प्रश्न कळकळीचा होता.

शुभांगी त्याच प्रश्नाची वाट बघत होती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरांनी चार पाकिटं वेगळी ठेवलेली तिनं आल्याबरोबर हेरली होती. तिनं त्यातलं एक फाडलं आणि आतली पुडी दिव्याखाली धरली. ती चमकली. तीच चमक तिनं पहिल्या दिवशी मल्लिकार्जुनच्या पुडीवर पाहिली होती आणि पाहून सोडून दिली होती. पुडीवर पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक होतं. "याच्या आत हवा जात नाही. हवा नाही तर गंज नाही, गंज नाही तर ऊब नाही." तिनं नखानं ते सोललं आणि पुडी मल्लिकार्जुनच्या हातात दिली. थोड्या वेळानं तो ओरडला, "आयला, तापायलंय!"

"हे निरोगी माणसाचं वेगळं मॉडेल आहे..." सर सांगू लागले, पण आता कडूबाईनं माईक घेतला. "मॉडेल फिडेल काय न्हाय. बिनतेलाचा कीस हाय ह्यो. आमच्या तेरखेड्याला ह्याला बघून बाया पळत्यात, आन् तुम्ही पायाला बांधायलाव?"

शुभांगी अप्पांसमोर गुडघ्यावर बसली.

"अप्पा, पट्टा सोडू?"

"शुभे, बस कर," ते पुटपुटले. "लोकं बघायलेत."

तिनं तळपायाखाली हात घातला. "गरम लागतंय का तुम्हाला?"

"न्हाय. काय बी न्हाय."

"माझा हात पोळतोय, अप्पा."

तिनं पट्टा सोडला. वास आधी आला, मग लोकांना पाय दिसला. फोडांखालचं कातडं पांढरं पडून निघालेलं, अंगठ्याजवळची दोन बोटं काळी. पहिली रांग उठून मागं सरकली. कुणीतरी बाई "अगं आई" म्हणाली. अप्पांनी स्वतःच्या पायाकडं पाहिलं. महिनाभर पट्ट्यानं झाकलेला तो पाय जणू आताच त्यांना कुणी आणून दिला होता.

"हे डिटॉक्स आहे!" सर म्हणाले. "घाबरू नका, हे विष बाहेर..."

"इष न्हवं, सडलाय पाय त्यो," वीट हातात धरलेले आजोबा म्हणाले. सरांच्या बोलण्यावर या वेळी मात्र कुणी मान डोलावली नाही.

मल्लिकार्जुननं अप्पांना दोन्ही हातांवर उचलून रिक्षात ठेवलं. रिक्षा वळताना शुभांगीनं मागं पाहिलं. सर कोट काढून मागच्या दारानं निघाले होते. पण टेबलाभोवती अजून पाच-सहा माणसं होती. एक म्हातारी शेजारच्या बाईला विचारत होती, "गुडघ्याला शेकाय तरी चालंल का गं?" तिला कोण काय सांगणार, आणि ती काय ऐकणार, हा विचार शुभांगीला पुढं कितीतरी दिवस छळत राहिला.

सोलापूरच्या दवाखान्यात अप्पांचं उजवं पाऊल पुढून निम्मं कापावं लागलं. आठवडाभर उशीर झाला असता तर गुडघ्यापर्यंत गेलं असतं, डॉक्टर म्हणाले. आठवडाभर आधी आणलं असतं तर बहुतेक सगळं वाचलं असतं, असंही म्हणाले. पोलिसांत तक्रार झाली, योगीराज सरांना पकडलं, जामीनही झाला. दिवाळीनंतर कुणीतरी शुभांगीला मोबाईलवर दाखवलं: दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या नावानं, पोटाला बांधायचा पट्टा आला होता. कोट तोच.

जखम भरल्यावर अप्पांना बुटात बसवायचा एक काळा, पातळ पत्रा मिळाला. बोटं नसलेल्या पावलाला चालताना तो रेटा देतो. अप्पांनी तो हातात घेतला, दोन्ही टोकं धरून वाकवला, सोडला. पत्रा सळकन सरळ झाला. अप्पांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी थोडं हसू आलं.

"कमानच की ही! कशाची हाय?"

"कार्बनच्या धाग्यांची," बूट बसवणारा तरुण म्हणाला.

अप्पांचं हसू गेलं. "ह्यात ती नळी हाय का? नॅनो?"

"नाही काका. नॅनोट्यूब मिसळलेल्या भागांवर प्रयोग चालू आहेत, तुमच्या या बुटात तसलं काही नाही. लाखो वेळा वाकवून बघतात, घामात ठेवतात, तापवतात. आणि ती नळी इतकी बारीक, की फुप्फुसात गेली तर काय करेल, याचीही आधी खात्री करावी लागते."

"म्हंजी अजून वाळू भरायलेत," अप्पा म्हणाले.

त्या तरुणाला कळलं नाही, शुभांगीला कळलं. जळकोटच्या वर्कशॉपचा तो नियम होता. कमान बसवली की गाडीत वाळू भरायची आणि खड्ड्याखड्ड्यातून काढायची. कितीही घाईचा ड्रायव्हर असो, भार घालून बघितल्याशिवाय अप्पा किल्ली द्यायचे नाहीत.

"चाळीस वर्सं," अप्पा पत्र्यावरून बोट फिरवत म्हणाले, "लोकाच्या गाडीला म्या वाळू भरून बघितली. आन् सोताच्या पायाला त्या माणसाला एकदा बी इचारलं न्हाय, की तू वाळू कुठं भरलीस?"

"अप्पा, माझ्यामुळं..."

"व्हय, तुझ्यामुळं बी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून तिला ते जास्तच लागलं. "तू उभी ऱ्हाऊन व्हय म्हनलीस. मला वाटलं, माझ्या पोरीनं भार घालून बघितलं असंल."

आता शुभांगी नववीला लोखंड गंजायचा धडा शिकवते, तेव्हा कडूबाईला वर्गात बोलावते. पोरं कीस, कोळसा, मीठ आणि पाणी कालवतात, भोपळ्याला बांधतात, विटेला बांधतात आणि हात लावून खिदळतात. ती त्यांना हसू देते. मग अप्पांच्या बुटाची गोष्ट सांगते. ती म्हणते, पोरांनो, कुणी चमत्कार दाखवला तर तो आजारी माणसावर बघू नका, विटेवर बघा. भार घालून बघा. आणि कधी लोकांसमोर तुम्हाला साक्षीला उभं केलं, तुमच्या अर्ध्या वाक्यावर टाळ्या पडल्या, तर त्या थांबेपर्यंत उभे राहा. तुमचं 'पण' बोलून झाल्याशिवाय खाली बसू नका. मी बसले होते.